अच्युतराई होन आणि गरुडांकित नाणीं

कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून चंदी येथें लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या पश्चात् राहिलेल्या खजिन्याची जी यादी दिली आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. गंबार, पुतळ्या, पातशाही, इभ्राम्या, शिवराई, कावेरीपाक, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी, वेळुरी, चंदावरी अशीं सोन्याच्या नाण्यांचीं नांवें तींत एकामागून एक येतात. बखर वाचणारा त्यांवरून झरझर पुढें सरकतो. त्यास लढाई हवी असते, तराजू नको असतो. परंतु ज्या कारकुनानें मूळ मोजदाद केली त्याच्या लेखीं यांतील प्रत्येक नांवाचें वजन निराळें, कस निराळा आणि बट्टाहि निराळा होता. आज आपणांकडे तीं नांवें राहिलीं आहेत, नाणीं राहिलीं नाहींत. उलटपक्षीं संग्राहकाच्या पेटींत नाणें असतें, पण त्याचें मराठी नांव त्यास ठाऊक नसतें. एखाद्या इंग्रजी सूचिग्रंथांतील अनुक्रमांकानें तो तें ओळखतो. नांव व नाणें यांची गांठ घालून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे, आणि तोहि मुख्यतः एकाच नांवापुरता : अच्युतराई.

या नांवाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका घरगुती प्रसंगानें. आमचें राहणें अंकुशनगर येथें. हें गांव जुनें नव्हे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, साखर कारखान्याच्या आश्रयानें वसलेली ही अलीकडची वसाहत आहे. गांव नवें असलें तरी भूमि नवी नाहीं. नदीच्या कांठानें वर गेलें कीं पैठण, आणि पैठणच्या पांढरींत पावसाळ्यानंतर सातवाहनांचीं शिशाचीं व तांब्याचीं नाणीं उघडीं पडतात हें सर्वश्रुत आहे. त्यामुळें आम्हांकडे जुनें नाणें दाखवावयास कोणी आला कीं तें सातवाहनाचें किंवा निजामाचें असणार, हा आमचा नेहमींचा अंदाज. आणि बहुधा तो बरोबर ठरतो.

कांहीं वर्षांपूर्वीं गळिताच्या हंगामांत एका बागायतदार गृहस्थांनीं आपल्या घरच्या देव्हाऱ्यांतून काढलेलें एक सोन्याचें नाणें आम्हांस दाखविलें, त्या वेळीं मात्र हा अंदाज चुकला. नाणें करंगळीच्या नखाहून थोडेंसें मोठें, जाड व वाटोळें. वरच्या कडेस कडी डागल्याची खूण. म्हणजे केव्हां तरी तें गळ्यांत वापरलेलें. घरांतील वृद्ध बाई त्यास 'दोन डोक्यांच्या गरुडाची मोहोर' म्हणत आणि देवांच्या टाकांशेजारीं ठेवून नित्य हळदकुंकू वाहत. त्यांच्या सासूच्या माहेराकडून तें आलें होतें, व तें माहेर सोलापुराकडचें, इतकीच त्याची पूर्वपीठिका त्यांस सांगतां आली. घरांत लग्न ठरलें होतें, आणि तें नाणें इतर जुन्या सोन्याबरोबर मुशींत जावयाचें होतें. तत्पूर्वीं 'हें शिवाजीमहाराजांचें आहे काय' एवढें त्या गृहस्थांस विचारावयाचें होतें.

तें शिवाजीमहाराजांचें नव्हतें, परंतु त्यांच्या खजिन्यांत त्याचीं भावंडें होतीं. नाण्याच्या एका बाजूस एक पक्षी समोरासमोर उभा आहे. त्याचें धड एक, माना दोन, व त्या दोन्ही दिशांस वळलेल्या. प्रत्येक चोंचींत एक व प्रत्येक पंजांत एक असे लहान हत्ती त्यानें धरले आहेत. दुसऱ्या बाजूस तीन ओळींत नागरी अक्षरें असून तीं 'श्रीप्रतापाच्युतराय' अशीं लागतात. विजयनगरचा राजा अच्युतदेवराय याचें हें नाणें होय. कृष्णदेवरायाच्या मागून इ. स. १५२९ मध्यें तो गादीवर आला व १५४२ पर्यंत राज्य करीत होता. विजयनगरचा पूर्ण होन, ज्यास तिकडे वराह म्हणत, सुमारे ३·४ ग्रॅम वजनाचा. त्याचा अर्धा तो प्रताप, सुमारे १·७ ग्रॅमचा. अच्युतरायाचीं उपलब्ध नाणीं बहुतेक या अर्ध्या वजनाचींच आहेत, आणि प्रस्तुत नाणेंहि तसेंच होतें. सराफाच्या कांट्यावर तें १·६८ ग्रॅम भरलें. डागलेली कडी निघून गेल्यावर जें थोडें परकें सोनें चिकटून राहिलें होतें तें व इतक्या वर्षांची झीज यांची वजाबाट जवळजवळ बरोबर झाली असावी.

हा द्विमुख पक्षी म्हणजे गंडभेरुंड. त्यास गरुड म्हणण्याची चूक केवळ त्या बाईंची नाहीं; लिलांवाच्या यादींतूनहि ती आढळते आणि संग्राहकांच्या बोलण्यांतून तर नित्य. गरुड हा विष्णूचें वाहन. त्यास मस्तक एकच. मूर्तींत तो पुष्कळदां मनुष्यदेही, पंखयुक्त, हात जोडलेला, तर क्वचित् चोंचींत सर्प धरलेला असा असतो. गंडभेरुंड कोणाचें वाहन नव्हे. तो बळाची परमावधि दाखविणारा कल्पित पक्षी आहे : सिंह हत्तीस मारतो, शरभ सिंहास मारतो आणि भेरुंड शरभासहि आटोपतो, अशी ही चढती भाजणी आहे. वैष्णव संप्रदायांत तो नृसिंहाच्याहि पुढील रूप मानला गेला. कर्नाटकांत बळ्ळिगावे येथें त्याची प्रतिमा असलेला इ. स. १०४७ चा स्तंभ उभा आहे. 'गंडभेरुंड' ही राजांची बिरुदावलींतील पदवीहि होती. म्हैसूरच्या राजचिन्हांत पुढें तोच आला. आमच्याकडील किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्ती दाबून धरणारे शरभ ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस अच्युतरायाच्या नाण्यावरील ही मांडणी अगदीं परकी वाटणार नाहीं. फार मागें गेलें तर तक्षशिलेच्या सिरकप विभागांतील एका स्तूपाच्या चौथऱ्यावरहि द्विमुख पक्षी कोरलेला आहे. तेथपासून बळ्ळिगाव्यापर्यंत तो कोणत्या वाटेनें आला, हा आमच्या लेखाचा विषय नव्हे, आणि त्याविषयीं आजवर जितकें लिहिलें गेलें आहे त्यांत कल्पनेचा भाग बराच आहे.

विजयनगरच्या इतर राजांनीं आपल्या सोन्याच्या नाण्यांवर देवता घातल्या. हरिहर दुसरा व देवराय यांच्या होनांवर उमामहेश्वर, कृष्णदेवरायाच्या होनांवर बाळकृष्ण, सदाशिवरायाच्या होनांवर लक्ष्मीनारायण अशा जोड्या वा मूर्ति दिसतात. या रांगेंत अच्युतरायाचा पक्षी एकदम उठून दिसतो; आणि म्हणूनच, आमच्या मतें, बाजारांत त्याचें नांव टिकलें. देवतांचे होन एकमेकांसारखे दिसतात, सराफासहि पाठ फिरवून अक्षरें वाचावीं लागतात. दोन माना मात्र अंधारांतहि बोटास लागतात. सभासदाच्या यादींत 'अच्युतराई' हें नांव स्वतंत्र राहिलें त्याचें हें एक कारण असूं शकेल. दुसरें अर्थात् त्याचा कस.

हे होन महाराष्ट्रांत आले कसे, यास दूर जावें लागत नाहीं. इ. स. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगर लुटलें गेलें तेव्हां दक्षिणेंतील शाह्यांच्या हातीं जें सोनें आलें त्यांत हींच नाणीं होतीं. पुढें विजापूरच्या मुलखांत होन हेंच मोठ्या देण्याघेण्याचें चलन राहिलें, आणि जहागिरीच्या कागदांतून वसुलाचे आंकडे होनांत मांडले गेले. इ. स. १६७७-७८ च्या कर्नाटकच्या स्वारींत महाराजांनीं चंदी घेतली व वेलूरचा किल्ला स्वारीच्या अखेरीस हातीं आला. सभासदाच्या यादींतील वेळुरी, कावेरीपाक, चंदावरी हीं नांवें त्या मुलखाचींच साक्ष देतात. यादी म्हणजे एका परीनें स्वारीचा नकाशाच आहे. तींत अच्युतराई नाणें असणें म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वीं पाडलेलें नाणें, ज्या राज्यानें पाडलें तें मोडून गेल्यावरहि, कसाच्या बळावर खजिन्यांत मानानें उभें असणें होय.

येथें हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस एक विनंति करावीशी वाटते. जुन्या जमाखर्चांत, लग्नाच्या यादींत, देवस्थानच्या दागिन्यांच्या तपशिलांत नाण्यांचीं अशीं नांवें येतात. मोडी वाचतांना तीं लागत नाहींत म्हणून नक्कल करणारा तेथें टिंबें घालतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ओळखीचा शब्द बसवितो. बखरींच्या निरनिराळ्या प्रतींत या यादीची जी गत झाली आहे ती पाहिली म्हणजे नकलकारास नाण्यांची ओळख नसली कीं काय होतें तें कळतें. न लागलेला शब्द अक्षरशः जसा दिसतो तसा उतरून घ्यावा. आज नाहीं तरी उद्यां कोणाच्या तरी पेटींतील नाणें त्याचा अर्थ सांगेल.

आतां खऱ्या गरुडाकडे वळूं. 'गरुडाचें नाणें' या शब्दांवर ज्याचा खरा हक्क आहे तें गुप्तांचें. समुद्रगुप्ताच्या ध्वजधारी प्रकारच्या सुवर्णनाण्यावर राजा वेदीवर आहुति टाकीत उभा असून त्याच्या समोर गरुडध्वज रोवलेला आहे. प्रयागच्या स्तंभलेखांत मांडलिक राजे गरुडमुद्रांकित शासनें मागत असें म्हटलें आहे, त्याच्याशीं हें चित्र जुळतें. हीं नाणीं साडेसात-आठ ग्रॅम वजनाचीं व फार देखणीं. इ. स. १९४६ मध्यें भरतपूर संस्थानांत बयाना येथें त्यांचा जो मोठा ठेवा सांपडला त्यांतील १८२१ नाणीं हातीं लागलीं आणि अडीचशेंच्यावर नाणीं तत्पूर्वींच आटविलीं गेलीं होतीं. त्या ठेव्याची सूची करण्याचें काम कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकर यांनीं केलें व ती १९५४ मध्यें प्रसिद्ध झाली. आटलेल्या नाण्यांत कोणता नवा प्रकार होता हें आळतेकरांनाहि सांगतां येणें शक्य नव्हतें.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत तीं गुप्तांचीं चांदीचीं नाणीं. दुसऱ्या चंद्रगुप्तानें पश्चिम क्षत्रपांचें राज्य जिंकल्यावर त्यांच्याच धर्तीचें सुमारे दोन ग्रॅमचें नाणें काढलें. पुढील बाजूस क्षत्रपांच्या पद्धतीचें राजमुख तसेंच राहिलें. त्याच्या भोंवतीं ग्रीक अक्षरांचे अर्थहीन झालेले अवशेषहि राहिले. पालटलें तें मागील बाजूस : क्षत्रपांचा त्रिकूट पर्वत जाऊन तेथें पंख पसरलेला गरुड आला आणि भोंवतीं राजाची परमभागवत ही पदवी आली. ज्या लोकांत हें नाणें चालवावयाचें त्यांच्या संवयीस धक्का न लावतां राज्य पालटल्याचें सांगण्याची ही युक्ति आहे. वापरणाऱ्याचा हात मुखवट्यावर फिरे, राजाचें शासन पाठीवर उमटे. कुमारगुप्तानें (इ. स. सुमारे ४१५ ते ४५५) हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालविला, त्याच्या नाण्यांवर त्याचें महेंद्रादित्य हें बिरुद आहे. त्याचेंच मध्यदेशांतील चांदीचें नाणें मात्र निराळें : त्यावर पिसारा फुलविलेला मोर आहे व अक्षरें छंदोबद्ध आहेत. झिजलेल्या नाण्यांत मोर व गरुड यांची गल्लत सर्रास होते. पिसाऱ्याची गोल कमान पक्ष्याच्या डोक्यामागून जात असेल तर तो मोर. दोन पंख दोन बाजूंस तुटक पसरले असतील तर तो गरुड. अक्षरें अर्धवट जरी वाचतां आलीं तरी शंका उरत नाहीं.

कुमारगुप्ताचीं हीं गरुडांकित नाणीं सातारा जिल्ह्यांत एकाच ठेव्यांत १३९५ सांपडलीं, आणि विदर्भांत अचलपूर येथें १३. ही वार्ता एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांच्या हातीं आहे, आणि तिच्यावर बराच इमला उभारला गेला आहे. कुमारगुप्ताचें राज्य किंवा निदान त्याचा वचक कृष्णेच्या कांठापर्यंत पोंचला होता, असें अनुमान कांहींनीं काढलें. व्यापारानें आलेलें नाणें राज्याची साक्ष देत नाहीं, असें दुसऱ्यांनीं उत्तर दिलें. आम्हांस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो, आणि त्याचें कारण सातारच्या ठेव्यांतच आहे. एका राजाचीं, एका धर्तीचीं सुमारे चौदाशें नाणीं एकत्र सांपडतात तेव्हां तें बाजारांत फिरलेलें चलन नसतें. बाजारांतल्या ठेव्यांत बापाचीं, आजोबांचीं, शेजारच्या राजाचीं अशीं खिचडी असते. एकजिनसी ठेवा म्हणजे थैली. ती व्यापाऱ्याची असो कीं सैनिकांच्या वेतनाची, पण ती एके ठिकाणीं भरली जाऊन दुसरीकडे पुरली गेली. शिवाय मध्यें वाकाटक होते. चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिनें विदर्भांत आपल्या अल्पवयी पुत्रांच्या नांवें कारभार चालविला, आणि वाशीमची दुसरी शाखा मराठवाड्यापर्यंत नांदत होती. तांब्याचीं कांहीं नाणीं वाकाटकांकडे लावलीं जातात, परंतु त्यांचें चांदीचें नाणें निश्चितपणें पुढें आलेलें नाहीं. ज्या मुलखास स्वतःची चांदी नाहीं तेथें सोयऱ्याची चांदी चालते, यांत नवल नाहीं.

याहून एक लक्षणीय गोष्ट अशी कीं महाराष्ट्रांत ज्यांनीं नाणीं पाडलीं त्यांनीं हा गरुड उचलला नाहीं. पांचव्या शतकांत नाशिक-कोंकणावर त्रैकूटक राजे होते. त्यांतील दह्रसेन आपल्या नाण्यावर स्वतःस परमवैष्णव म्हणवितो. पण त्याच अक्षरांच्या मध्यें चित्र आहे तें क्षत्रपांच्या जुन्या पर्वताचें. पदवी विष्णुभक्ताची आणि चिन्ह परक्याचें! पुढें कलचुरि कृष्णराजानें गुप्तांच्या नाण्याचें अंग उचललें आणि गरुडाच्या जागीं नंदी बसविला, कारण तो परममाहेश्वर होता. त्याचीं नाणीं नाशिककडे व अन्यत्र पुष्कळ सांपडलीं आहेत व त्यानंतरहि दीर्घकाळ चालत होतीं. राष्ट्रकूटांच्या अनेक ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड आहे. शिलाहार तर स्वतःस सुवर्णगरुडध्वज म्हणवीत, आणि नागांचे प्राण वांचविण्यासाठीं गरुडास आपला देह देणाऱ्या जीमूतवाहनापासून आपला वंश सांगत. असें असूनहि उत्तर कोंकणचा शिलाहार छित्तराज यानें पाडलेलें म्हणून जें चांदीचें नाणें ओळखलें गेलें आहे तें गधैया धर्तीचें, म्हणजे त्यावर पक्ष्याचा मागमूस नाहीं. देवगिरीच्या यादवांच्या मुद्रेंतहि गरुडच. त्यांच्या सोन्याच्या नाण्याचें नांव मात्र पद्मटंक, कारण त्याच्या मध्यभागीं कमळ.

तेव्हां गरुड हा आमच्याकडे ताम्रपटाचा पक्षी आहे, टांकसाळीचा नव्हे. याची संगति आम्ही अशी लावतों : ताम्रपट ज्यास दिला त्यास राजाचें कुळ व वचन यांची खात्री हवी असते, म्हणून तेथें कुळाचें लांछन. नाणें ज्याच्या हातीं जातें त्यास राजा ठाऊक नसला तरी चालतें. कालचें नाणें चाललें तसें आजचें चालेल एवढीच खात्री त्यास हवी असते. म्हणून नाणीं पाडणारा राजा जुनें रूप मोडावयास भितो. गुप्त भ्याले नाहींत, पण त्यांनींहि एकच बाजू मोडली.

याला एक ठळक अपवाद आमच्या पूर्वेस आहे. छत्तीसगडांत, प्राचीन दक्षिण कोसलांत, सोन्याच्या अगदीं पातळ पत्र्यावर मागून दाबून उठविलेलीं एकतर्फी नाणीं सांपडतात. त्यांस म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं उत्पीडितांक असें नांव दिलें. वर पंख पसरलेला गरुड, त्याच्या दोन बाजूंस शंखचक्रादि चिन्हें, व खालीं वाकाटकांच्या लेखांतल्यासारख्या पेटीच्या डोक्याच्या अक्षरांत राजाचें नांव, अशी त्यांची रचना असते. महेंद्रादित्य व प्रसन्नमात्र या राजांचीं हीं नाणीं आहेत. पैकीं महेंद्रादित्य म्हणजे गुप्त कुमारगुप्तच असें कांहीं विद्वान मानीत. परंतु अशा तऱ्हेचीं नाणीं त्या मुलखाबाहेर क्वचितच जातात, यावरून तो स्थानिक राजा असावा हेंच सयुक्तिक दिसतें. वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. बोटानें दाबलें तरी वांकेल असा पत्रा. ज्यांच्या संग्रहांत हें नाणें आहे त्यांनीं तें कागदाच्या घडींत ठेवूं नये, एवढें अनुभवानें सांगतों.

द्विमुख पक्ष्याची आणखी एक जात आहे आणि तिचा संबंध थेट मुंबईशीं आहे, म्हणून तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचें चांदीचें टालर नाणें. एका बाजूस राणीचें मुख, दुसऱ्या बाजूस हाब्सबुर्ग घराण्याचा द्विमुख गरुड. राणी १७८० सालीं वारली. पुढें तेंच साल कायम ठेवून हें नाणें पाडलें जात राहिलें, कारण अरबस्तान व हबसाण येथील लोक दुसऱ्या सालाचें नाणें घेत ना. एडन इ. स. १८३९ पासून अनेक वर्षें मुंबई सरकारच्या ताब्यांत होतें, तेव्हां या नाण्याची ओळख आमच्या बंदरांस जुनीच. इटलीनें १९३५ मध्यें व्हिएन्नाकडून याचे ठसे आपल्याकडे नेले, त्यावर इंग्रजांनीं स्वतःच तें पाडावयास घेतलें. आणि महायुद्धांत हबसाणच्या मोहिमेसाठीं १९४० व १९४१ या सालीं तें मुंबईच्या टांकसाळींत पाडलें गेलें. म्हणजे १७८० सालाचें, ऑस्ट्रियाच्या राणीचें, द्विमुख गरुडाचें आणि तरीहि मुंबईंत जन्मलेलें असें हें नाणें! वजन सुमारे २८ ग्रॅम, चांदी सहांत पांच भाग. राणीच्या शिरोभूषणांतील मोती व गरुडाचीं पिसें यांच्या बारीक फरकांवरून जाणकार त्याची टांकसाळ ओळखतात. त्यावरील गरुडाचा अच्युतरायाच्या गंडभेरुंडाशीं वंश जोडण्याचा मोह कोणास होईल. चित्रांपलीकडे तसा पुरावा नाहीं. मेक्सिकोचा साप धरलेला गरुड किंवा १९३३ पर्यंत पाडलें गेलेलें अमेरिकेचें वीस डॉलरचें गरुडांकित सोनें हीं तर आपल्या संग्रहांत केवळ शोभेचीं. त्यांविषयीं त्या त्या देशचे संग्राहक अधिक चांगलें लिहितील.

पुन्हा अंकुशनगरच्या नाण्याकडे येतों. त्या गृहस्थांनीं दुसरा प्रश्न विचारला तो असा : 'मग हें आपल्या गांवचें म्हणावयाचें कीं नाहीं?' प्रश्न साधा दिसतो, पण सातारच्या ठेव्यावरील सगळा वाद त्यांत सामावला आहे. आम्ही नाहीं म्हणून सांगितलें. तें जमिनींत सांपडलेलें नव्हे, म्हणून ठेव्यांच्या इ. स. १८७८ च्या कायद्याखालीं तें येत नाहीं. आणि सोलापुराकडून सुनेच्या अंगावरून आलेलें नाणें अंबड तालुक्याचा इतिहास सांगूं शकत नाहीं. तें सांगतें तें एवढेंच कीं सोलापुराकडील एका घराण्यांत अच्युतराई होन गळ्यांत घालण्याइतका मोलाचा मानला जाई. ही साक्ष लहान असली तरी खरी आहे. हेंच नाणें एखाद्या दलालाच्या हातीं पडतें तर त्याच्या पाकिटावर 'जालना जिल्ह्यांत सांपडलेलें' असें लिहिलें गेलें असतें, आणि पन्नास वर्षांनीं कोणी विद्वान विजयनगरचें राज्य गोदावरीपर्यंत नेऊन भिडविता. कोणत्याहि संग्रहांतील नाण्यांच्या चिठ्ठ्या पाहाव्या. 'सांपडलें' व 'मिळालें' हे दोन शब्द किती सैलपणें वापरलेले असतात तें दिसेल.

खरेंखोटें पाहण्याचाहि प्रश्न होता. अच्युतरायाचें नाणें देखणें असल्यामुळें त्याच्या ओतीव नकला निघतात. ओतीव नकलेंत हत्तींच्या सोंडा विरघळल्यासारख्या दिसतात, अक्षरांच्या कडा गोलावतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रें येतात आणि काठावर सांध्याची रेघ घासून काढलेली असते. ठोकलेल्या नाण्याची रेघ झिजली तरी तिचा पाया खोल राहतो. प्रस्तुत नाण्यांत डावीकडील हत्ती जवळजवळ पुसला गेला होता, पण उजव्या चोंचींतील हत्तीची सोंड भिंगाखालीं स्वच्छ दिसत होती. आमच्या मतें नाणें अस्सल होतें.

धातूच्या कितीतरी पट किंमत संग्राहक देईल, असें आम्ही त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें विचारलें, 'कोण देईल, व केव्हां?' तिथि आठ दिवसांवर होती. आमच्या पदरीं त्या दिवशीं तितके पैसे नव्हते. मुंबई-पुण्याकडील परिचितांस पत्रें लिहून उत्तर येईपर्यंत त्यांनीं थांबावें असें म्हणण्याचा अधिकारहि आम्हांस नव्हता. एक दिवसापुरतें नाणें ठेवून घेतलें, तोलून पाहिलें, व दोन्ही बाजूंचे लाखेवर ठसे घेतले. पुढें महिन्यानें त्यांच्याकडे गेलों तेव्हां वृद्ध बाईंनीं देव्हाऱ्यांतील टाकांशेजारची रिकामी जागा दाखविली. नाणें इतर सोन्याबरोबर आटलें होतें. त्यांतून नव्या सुनेच्या हातच्या पाटल्या झाल्या.

ठसे आमच्याजवळ आहेत. ज्या अभ्यासकांस पाहावयाचे असतील त्यांच्यासाठीं वर्णन देतों. धातु सोनें, वजन १·६८ ग्रॅम, व्यास सुमारे ११ मिलिमीटर, वरच्या कडेस डागाची खूण. पुढील बाजू : गंडभेरुंड, चोंचींत व पंजांत हत्ती, पैकीं डाव्या चोंचींतील झिजलेला, भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ अंशतः नाण्यावर आलेलें. मागील बाजू : तीन ओळी नागरी, ओळींमध्यें आडव्या रेघा, पहिल्या ओळींत 'श्रीप्र', दुसरींत 'तापाच्यु', तिसरींत 'तरा' इतकें स्पष्ट, शेवटचें अक्षर डागाखालीं गेलेलें. प्राप्तिस्थान : अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना, एका कुटुंबाच्या देव्हाऱ्यांतून, मूळ सोलापुराकडील.